भावी रहिवाशाची हरकत

ज्या माणसानं मोजमाप घेताना टेपचं दुसरं टोक धरलं होतं, त्याच्याच नावानं हरकत आली.

हेमांगी दुधाणे नुकतीच कामावरून परतली होती. एसटीच्या आगारात ती इलेक्ट्रिक बसच्या बॅटऱ्या दुरुस्त करायची. फोनवर सातमाळी नगरपरिषदेचं पत्र होतं. 'आपल्या बांधकाम परवानगीच्या अर्जाबाबत शेजारील मिळकतधारक श्री. बळवंत इंगवले यांची हरकत नोंदवण्यात आली आहे.' तिनं ते दोनदा वाचलं आणि चपला न काढताच शेजारच्या फाटकातून आत गेली.

बळवंत इंगवले, म्हणजे गल्लीचे अण्णा, अंगणात पेपर वाचत होते. चौतीस वर्षं त्यांनी जमिनी मोजण्याची सरकारी नोकरी केली होती. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर गेलेले त्यांनी पाहिले होते, आणि म्हणूनच एकोणीस वर्षांत दुधाण्यांशी त्यांचं एकदाही वाजलं नव्हतं.

"अण्णा, तुम्ही हरकत घेतलीत?"

"कशावर?"

"माझ्या खोलीवर."

अण्णांनी चष्मा काढला. "मी कशाला घेऊ? परवा मीच टेप धरून उभा नव्हतो का?"

तिनं फोन पुढे केला. अण्णांनी सावकाश वाचलं. त्यांच्या बायकोनं, सुमतीकाकूंनी, खांद्यावरून वाकून पाहिलं. पत्र चांगलं मुद्देसूद होतं.

"भाषा माझ्यापेक्षा बरी आहे," अण्णा म्हणाले, आणि तिघंही हसली. त्या विषयावर तिघं मिळून हसण्याची ती शेवटची वेळ.

पत्र प्रतिनगरानं लिहिलं होतं. सातमाळीत ते येऊन चार वर्षं झाली होती. एका हिवाळ्यात ड्रोन आणि लेसर बसवलेल्या गाड्या गल्लीगल्लीतून फिरल्या. लेसरचा किरण भिंतीवर आदळून परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून भिंतीचं अंतर कळतं. असे अब्जावधी ठिपके जोडून संगणकात अख्खं गाव उभं केलं, पायऱ्या, पत्रे, टाक्या आणि खिडक्यांच्या गजांसकट. वर्षातल्या कुठल्या दिवशी, कुठल्या मिनिटाला सूर्य आकाशात कुठे असतो हे तर माणसाला कधीपासूनच ठाऊक आहे. कुणी नवी भिंत घालायचा अर्ज केला, की यंत्र ती भिंत आधी प्रतिनगरात घालायचं, तिच्यावरून वर्षभराचं ऊन, वारा आणि आवाज फिरवून पाहायचं आणि कोणत्या घराच्या कोणत्या खिडकीचं काय जाईल ते सांगायचं.

इथवर ते साधं पदार्थविज्ञान होतं. पण यंत्राला त्याखेरीज राज्यभरातल्या चाळीस वर्षांच्या हरकती, सुनावण्यांची इतिवृत्तं आणि कोर्टाचे निकालही शिकवले होते. किती ऊन गेलं की माणूस अर्ज घेऊन उठतो, हे त्याला माहीत होतं. त्या हिशेबानं ते शेजाऱ्याची 'अनुमानित हरकत' तयार करायचं आणि त्याच्या नावे आपणहून दाखल करायचं.

कायद्यामागचा हेतू चांगला होता. पूर्वी नोटीस पेपरच्या कोपऱ्यात छापून यायची. ज्यांना वाचता यायचं आणि ज्यांच्या ओळखी असायच्या ते हरकत घ्यायचे. ज्यांच्या घरात खरोखर अंधार होणार असे, त्यांना भिंत वर आल्यावर कळायचं. आता यंत्र सगळ्यांसाठी बोलत होतं. गल्लीच्या तोंडाशी चार मजली गोदाम होणार होतं, ते याच यंत्रानं अडवलं. तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले आणि पेढ्यांचा पुडा हेमांगीनंच आणला होता.

*

खोली हवी होती ती तिच्या नवऱ्यासाठी. सुजयची दोन्ही मूत्रपिंडं दीड वर्षापूर्वी निकामी झाली. आठवड्यातून तीनदा बावन्न किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात जायचं, चार तास डायलिसिस, पुन्हा बावन्न किलोमीटर. परतल्यावर तो दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत आडवा असे, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा निघायची वेळ होई. शाळेत चित्रकला शिकवायचा, ती नोकरी सुटली होती.

मग घरी बसवायची छोटी यंत्रं सरकारी योजनेत आली. यादीत सुजयचं नाव लागलं. पाहणीला आलेल्या परिचारिकेनं घर बघितलं आणि मान हलवली. समोरच्या खोलीतून सगळ्यांची ये-जा, आतल्या खोलीच्या भिंतीला ओल. "दहा बाय दहाची कोरडी, बंद खोली हवी. पाणी आत आणि बाहेर जायची सोय हवी. नव्वद दिवसांत झाली नाही तर यंत्र यादीतल्या पुढच्या माणसाला जातं," ती म्हणाली.

घराच्या पश्चिमेला, अण्णांच्या अंगणाकडे, मोकळी सोडलेली पट्टी होती. तिथंच काय ती खोली बसत होती. त्यासाठी नियमात सवलत हवी होती, आणि सवलतीसाठी शेजाऱ्याची हरकत असता कामा नये.

"मग हरकत काढून टाका," दुसऱ्या दिवशी हेमांगी नगरपरिषदेत म्हणाली. अण्णाही बरोबर आले होते. "हे स्वतः सांगतायत."

बांधकाम विभागातल्या फरजाना तांबोळी तिशीच्या होत्या आणि अर्जदारांना खुर्ची देत. त्या म्हणाल्या, "काढता येते. पण अण्णांना स्वीकृती लिहून द्यावी लागेल. 'मला होणारं नुकसान समजलं आहे आणि मान्य आहे.' त्याची नोंद मिळकत पत्रिकेवर कायमची चढते. घर विकलं, मुलाच्या नावे झालं, तरी उतरत नाही."

अण्णा टेबलाकडे बघत राहिले. मिळकत पत्रिकेवर चढलेली एक ओळ काय करते, हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"नुकसान काय ते तरी बघू," ते म्हणाले.

फरजानानं अकरा पानांचा अहवाल त्यांच्या फोनवर पाठवला. हेमांगीला वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. अण्णा अंगणात मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. सुमतीकाकूंची खुर्ची नेहमीच्या जागी होती. उन्हाची कड खुर्चीपाशी आली तेव्हा अण्णांनी वहीत काहीतरी लिहिलं. बऱ्याच वेळानं, सूर्य होणाऱ्या खोलीच्या छताच्या वर आला तसं, त्यांनी पुन्हा लिहिलं.

ती बाहेर गेली. "अण्णा, काय करताय?"

"पंचावन्न मिनिटं," अण्णा म्हणाले. "हिवाळ्याचे एकशे चार दिवस, सकाळची पंचावन्न मिनिटं. मला वाटलं फुगवून सांगत असेल. मोजून पाहिलं. बरोबर आहे." मग जरा थांबून, "त्यात हिची खुर्चीसुद्धा आहे. अजूनही रोज वरून फिरणाऱ्या ड्रोनच्या चित्रांत खुर्ची दिसते म्हणे. 'सत्तरीवरील रहिवासी दोन, सकाळच्या उन्हाचा वापर नियमित.'"

"काकू माझ्या अंगणात बसतील की."

"तुझ्या अंगणातच खोली होणार ना?"

काकूंच्या सांधेदुखीला ते ऊन लागायचं, हे तिलाही ठाऊक होतं. मुलगी ऋचा झाली तेव्हा त्याच उन्हात बसून काकूंनी सव्वा महिना बाळाला मालीश केली होती.

सुनावणीला यंत्राची बाजू भिंतीवरच्या पडद्यावर दिसली. अण्णांचं अंगण, त्यावर सरकत येणारी करडी सावली, कोपऱ्यात पळणारं घड्याळ. अण्णांना विचारलं तेव्हा ते उभे राहिले. "मी हरकत घेतली नव्हती," ते म्हणाले. "पण ही हरकत खोटी आहे, असंही मला म्हणता येत नाही."

अर्ज फेटाळला गेला.

जिन्यात हेमांगीनं त्यांना गाठलं. "पंचावन्न मिनिटांचं ऊन, अण्णा. आणि इकडे सुजय."

"तसं तोलू नकोस."

"मग कसं तोलू?"

"वाचलं नसतं तर कळलं नसतं गं," अण्णा म्हणाले. "आता कळलंय त्याचं काय करू?"

दोन्ही घरांची मिळून एक बोअरची मोटर होती. सकाळी ज्याला आधी जाग येई तो चालू करी, दोन्ही टाक्या भरल्या की बंद करी. त्या दिवसापासून दोघंही आपापल्या टाकीपुरती चालवून बंद करू लागले. याबद्दल कुणी काही बोललं नाही.

*

हेमांगीनं नकाशा बदलला. छत उतरतं केलं. पंचावन्नची एकतीस मिनिटं झाली, हरकत राहिली. खोली मागच्या बाजूला नेली; मागच्या चाळीतल्या सहा घरांचा वारा अडला आणि सहा हरकती आल्या. त्या सहांपैकी कुणालाही विचारलं असतं तर त्यांनी "बांधा की" म्हटलं असतं. त्यांनी तसं म्हटलंही, आणि मग त्यांच्याही फोनवर अहवाल गेले. आठवडाभरात चाळीतली एक बाई तिला दुकानात पाहून दुसऱ्या फळीकडे वळली. तिसऱ्या खेपेला तिनं काचेची भिंत दाखवली. यंत्रानं काचेवरून परावर्तित होणारी तिरीप अण्णांच्या स्वयंपाकघरात कुठे पडेल ते मिनिटांसकट काढून दिलं.

दर खेपेला दहा दिवस गेले. ती आगारात बॅटऱ्या उघडायची तेव्हा तिला निदान एवढं कळत असे की कुठला घटक मेला आहे. तो काढला, नवा घातला की बस चालते. इथे काहीच बिघडलं नव्हतं. यंत्राचा एकही आकडा चुकीचा नव्हता. तिचा संताप होत होता तो याचाच.

नव्वदातल्या पन्नासाव्या दिवशी सुजय परतताना बसस्थानकावर चक्कर येऊन पडला. वाहकानं रिक्षात घालून घरी आणला. वाटेत दवाखान्यात कपाळाला टाका घालावा लागला होता.

"सोड ना आता नाद," तो पडल्या पडल्या म्हणाला. "दीड वर्ष जातोय, आणखी जाईन. त्यांच्या अंगणातलं ऊन ओरबाडून मला नाही जगायचं."

"मी ओरबाडतेय?"

"तसं नाही म्हटलं."

"तसंच म्हटलंस." तिनं हातातला नकाशा गुंडाळला, पुन्हा उघडला. "मला कुणी एकदा तरी स्पष्ट नाही म्हणा. माणसानं नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते, पाया पडले असते. इथे कुणी नाहीच म्हणत नाही. सगळे म्हणतात, आकडा बघा."

ऋचा आतल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून ऐकत होती. पंधराव्या वर्षी तिला घरातली भांडणं पाठ व्हायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमतीकाकू आल्या. पायरी चढायला त्यांना वेळ लागला. मागून अण्णा आले, नाराज चेहऱ्यानं.

"हा टाका कसला?" काकूंनी सुजयला विचारलं. त्यानं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "ऊन कुणाचं जाणार आहे?"

"आपलं."

"खुर्ची कुणाची आहे त्या कागदात?"

अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"माझी आहे. गुडघे माझे आहेत. महिना झाला, तुम्ही माझ्या गुडघ्यांचा हिशेब मांडताय आणि मला कुणी विचारलं नाही. ना त्या यंत्रानं, ना तुम्ही." त्या खुर्चीवर टेकल्या. "घर दोघांच्या नावावर आहे. माझी सही आधी घ्या."

"हर्षद काय म्हणेल?" अण्णा म्हणाले. हर्षद त्यांचा मुलगा, नाशिकला असतो.

"हर्षद चार वर्षांत आठ दिवस या अंगणात बसलाय."

हर्षदचा फोन आलाच. घरावर डाग कशाला लावून घेता, उद्या कोण विकत घेईल, असं तो बराच वेळ बोलला. अण्णांनी सगळं ऐकलं, "बरं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी नगरपरिषदेत जाऊन सह्या केल्या. परतताना अण्णांनी फाटकातूनच हेमांगीला हात दाखवला. खुशीनं केलेलं नव्हतं. ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. तरी केलं होतं.

त्या रविवारी गवंडी येऊन जागा पाहून गेला.

दहाव्या दिवशी पत्र आलं.

'हरकतदार: भावी रहिवासी, मिळकत क्रमांक ४१७.'

चारशे सतरा हा अण्णांच्या घराचा क्रमांक होता. हेमांगी तशीच फरजानाकडे गेली.

"हे कोण?"

"अण्णांच्या नंतर त्या घरात जे राहतील ते," फरजाना म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला होता. "अण्णांनी आजचं ऊन सोडलं. पण नोंद कायमची आहे, म्हणजे पुढच्यांचंही सोडलं. त्यांना कुणी विचारलेलं नाही. म्हणून यंत्र त्यांच्या वतीनं बोलतं."

"मग त्यांची हरकत कोण मागे घेणार?"

"ते."

"ते आहेत कुठे?"

"अजून आलेले नाहीत," फरजाना म्हणाल्या आणि टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "एकच वाट आहे. मुख्याधिकारी स्वतःच्या सहीनं, स्वतःची कारणं लिहून, यंत्राच्या विरुद्ध परवानगी देऊ शकतात. कायद्यात तरतूद आहे."

"चार वर्षांत किती वेळा दिली?"

"एकदाही नाही."

मुख्याधिकाऱ्यांनी तिला चहा दिला आणि अर्धा तास ऐकून घेतलं. त्यांच्या वडिलांनाही डायलिसिस होतं, असं ते म्हणाले, आणि ते खोटं वाटलं नाही. "पण ताई, उद्या कुणी कोर्टात विचारलं, यंत्र नको म्हणत असताना तुम्ही हो का म्हणालात, तर मी काय दाखवू?"

"माझ्या नवऱ्याला दाखवा."

"त्याचा आकडा नाही ना," ते म्हणाले. "यंत्र शेजाऱ्याचं नुकसान मोजतं. अर्जदाराची गरज त्यात धरायची सोयच केलेली नाही. तुम्ही अपील करा. चार महिने लागतील."

नव्वदातले एकाहत्तर दिवस गेले होते. बाहेर येऊन ती वाहनतळावर स्कूटरची किल्ली हातात धरून उभी राहिली. इतकी समजूतदार माणसं तिनं आयुष्यात एका जागी पाहिली नव्हती, आणि त्यातल्या एकाच्याही हातून तिला दहा बाय दहाची खोली मिळत नव्हती.

*

चार दिवसांनी अण्णा आगारात आले. याआधी ते तिथं कधी आले नव्हते. बॅटऱ्यांच्या रांगांमधून वाट काढत ते तिच्यापाशी पोचले आणि रुमालानं मान पुसली.

"भावी रहिवासी," ते म्हणाले. "पत्र मलाही आलं. माझ्या अंगणावर माझ्यापेक्षा जास्त हक्क असलेला माणूस. अजून त्याच्या आईबापांचं लग्नही व्हायचं असेल."

हेमांगी हातातला पाना पुसत राहिली.

"माझी समोरची खोली रिकामी केलीय. कपाट हलवलं, कागद माळ्यावर टाकले. बारा बाय दहा आहे, मी मोजलीय. कोरडी आहे, मोरी भिंतीपलीकडेच आहे. एक वीटसुद्धा रचायची नाही. म्हणजे अर्ज नाही, हरकत नाही. परिचारिकेला बोलाव."

तिला आनंद व्हायला हवा होता. तिनं पाना जरा जोरातच खाली ठेवला.

"मला माझी खोली हवी होती, अण्णा."

"माहीत आहे."

"उपकाराची नको होती. सुनावणीत तुम्ही जे बोललात ते मी अजून विसरलेले नाही."

"मीही नाही," अण्णा म्हणाले. "बोललो ते खरं होतं म्हणून जास्त त्रास होतो. अपील चालू ठेव. तोवर ही घे."

तिनं मान हलवली, हो की नाही ते तिलाच नीट कळलं नाही. पण त्याच संध्याकाळी तिनं परिचारिकेला फोन केला. सांडपाण्याचा पाइप तिनं स्वतः जोडला. शहाऐंशीव्या दिवशी डायलिसिसचं यंत्र आलं. सुजय पहिल्यांदा जोडला गेला तेव्हा काकू दारात बसून त्याला शेजारपाजारच्या गोष्टी सांगत होत्या, आणि चार तासांनी तो उठून पंचवीस पावलं चालत घरी आला. महिन्याभरात त्यानं चित्रकलेच्या दोन शिकवण्या धरल्या. मोटर पुन्हा दोन्ही टाक्या भरेपर्यंत चालू लागली.

मे महिन्यात पत्र आलं.

हेमांगीला वाटलं अपिलाची तारीख असेल. पहिली ओळ वाचून ती भिंतीला टेकली. 'मिळकत क्रमांक ४१७ मधील वापर-बदलाबाबत हरकत. हरकतदार: श्रीमती हेमांगी दुधाणे.'

पाण्याच्या आणि विजेच्या मीटरवरून यंत्रानं ओळखलं होतं, की अण्णांच्या समोरच्या खोलीत आता कुणी राहत नाही, उपचार होतात. त्याचा परिणाम कुणावर, हे त्यानं शोधलं होतं. 'हरकतदाराच्या पश्चिमेकडील खिडकीपाशी पंपाचा आवाज एकोणचाळीस डेसिबल. आठवड्यातून तीन दिवस, साडेचार तास. सदर खिडकीपाशी शालेय विद्यार्थिनीच्या अभ्यासाची जागा.' सोबत नऊ पानांचा अहवाल होता. तो तिनं उघडला नाही.

त्या दुपारी सुजय पलीकडे होता. ती आतल्या खोलीत जाऊन खिडकीशी उभी राहिली. गेले दोन महिने तिला कधीच काही ऐकू आलं नव्हतं. आता आलं. खोल, एकसुरी घरघर, मध्येच एक बारीक टक्, पुन्हा घरघर. ती नको नको म्हणत असताना कान तिकडेच जात होते.

ऋचानं वहीतून मान वर केली. "काय ऐकतेस?"

"तुला त्रास होतो का?" हेमांगीच्या तोंडून निघून गेलं.

"कशाचा?"

मुलीचा चेहरा अगदी कोरा होता. हेमांगीनं फोन पाठीमागे धरला.

"उकाड्याचा," ती म्हणाली. "पंखा वाढव."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती फरजानासमोर बसली. स्वीकृती अजून कागदावरच होत होती; सही माणसाच्या हातची लागे. फरजानानं छापील नमुना पुढे केला.

"अहवाल वाचलात?"

"नाही. वाचणारही नाही."

"वाचल्याशिवाय सही घेता येत नाही."

"मग वाचला असं लिहा."

फरजानानं पेन तिच्यापुढे सरकवलं. "तुमच्या घरावर कायमची नोंद चढेल. आणि तुम्हाला माहीत आहे, तुम्ही मागे घेतलीत की दहाव्या दिवशी तुमच्या घराच्या भावी रहिवाशाची हरकत येईल. ती कुणालाच मागे घेता येणार नाही. मग नोटीस, सुनावणी, वापर बंद करण्याचा आदेश. सगळं मिळून सहा आठवडे."

हेमांगीनं पेनाचं टोपण काढलं. "सहा आठवडे म्हणजे अठरा वेळा," ती म्हणाली, आणि नावापुढच्या रेघेवर सही केली.

फरजानानं कागद घेतला. तो स्कॅन करायचं यंत्र त्यांच्या हाताशीच होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलाचा खालचा खण ओढला आणि कागद त्यात ठेवला.

"नोंद करायला मला चौदा दिवसांची मुदत असते," त्या म्हणाल्या. "चार वर्षांत मी ती कधी वापरलेली नाही." त्यांनी खण बंद केला. "चोवीस वेळा."